लोहगडचा शिलालेख आणि ‘मराठ्यांचा मॅकिआव्हेली’

नाना फडणीस यांस ‘मराठ्यांचा मॅकिआव्हेली’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजी ग्रंथांतून मराठींत आला आणि येथें इतका रुळला कीं, ज्यांस ‘प्रिन्स’ ग्रंथाचें एक पानही पाहण्याचा प्रसंग आलेला नाहीं त्यांच्याही तोंडीं तो असतो. या एका नांवांत स्तुति व निंदा दोन्ही भरून ठेविलेल्या आहेत. ऐकणारानें आपणांस हवी ती उचलावी. आमचा आक्षेप स्तुतीस नाहीं, निंदेसही नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, उपमेसाठीं माणूसच चुकीचा निवडला. त्याच फ्लॉरेन्स शहरांत, त्याच काळीं, मॅकिआव्हेलीच्या पत्रव्यवहारांतला व स्नेहांतला दुसरा एक पुरुष होऊन गेला. तो शिक्षणानें कायदेपंडित, पेशानें वकील, पुढें मुत्सद्दी व अखेरीस इतिहासकार झाला. त्याचें नांव फ्रान्चेस्को ग्विच्चार्दीनी. नानांचें चरित्र कोणाशीं ताडून पाहावयाचेंच असेल तर तें याच्याशीं पाहावें. ही नुसती वाङ्मयीन हौस नव्हे. लोहगडावरील एका शिलालेखाचा आणि त्याच गडावर ठेविलेल्या द्रव्याचा अर्थ कसा करावा, हा प्रश्न या तुलनेनें नीट मांडतां येतो. मॅकिआव्हेलीच्या नांवानें तो झांकला जातो.

मॅकिआव्हेलीविषयीं थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. हा (१४६९–१५२७) फ्लॉरेन्सच्या दुसऱ्या दप्तरखान्याचा चिटणीस. बाप कायद्याचा पदवीधर, पण मुलगा वकील नव्हता. १४९८ पासून १५१२ पर्यंत त्यानें चाकरी केली, परदरबारीं शिष्टाईस गेला, भाडोत्री फौजेऐवजीं मुलखांतील लोकांची शिबंदी उभी करण्याची खटपट केली. परंतु मसलत ठरविणारे दुसरे व ती पोंचविणारा हा. मेडिची घराणें परत येतांच त्याची जागा गेली, १५१३ त कैद व छळ सोसावा लागला, आणि मग खेड्यांत बसून त्यानें तो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तोही त्याच्या मृत्यूनंतर १५३२ त छापला गेला. म्हणजे त्याची कीर्ति सत्ता गमावल्यानंतरच्या लेखनावर उभी आहे. नानांनीं राजनीतीवर ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांनीं पाव शतक राज्य चालविलें. एकाचा ग्रंथ व दुसऱ्याचें कृत्य यांची सांगड घालून ‘हा त्याच्यासारखा’ म्हणणें हें तुलनेच्या पहिल्याच नियमास सोडून आहे.

आतां ग्विच्चार्दीनीकडे वळूं. आमच्या जुन्या कागदांत ‘वकील’ याचा अर्थ परदरबारीं राहणारा प्रतिनिधि. दिल्लीचे हिंगणे वकील, निजामाकडील गोविंदराव कृष्ण काळे वकील. यांपैकीं कोणी कचेरींत उभा राहून पक्षकाराचा दावा चालविला नव्हता. तो अर्थ इंग्रजी अमलांत रूढ झाला. ग्विच्चार्दीनी हा मात्र दोन्ही अर्थांनीं वकील होता. ६ मार्च १४८३ रोजीं तो जन्मला; फ्लॉरेन्स, फेरारा व पादुआ येथें कायद्याचा अभ्यास करून १५०५ त त्यानें पंडिताची पदवी घेतली व वकिली सुरू केली. १५०८ त बापाच्या मनाविरुद्ध साल्व्हियाती घराण्यांतील मुलीशीं त्यानें लग्न केलें. तें घराणें वजनदार होतें व तें वजन आपणांस हवें होतें, हें त्यानें आपल्या घरगुती टिपणांत लपवून ठेविलेलें नाहीं. तिशी उलटण्यापूर्वींच, १५१२ त, फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकानें त्यास स्पेनचा राजा फर्डिनंड याच्याकडे वकील म्हणून धाडलें. तो तिकडे असतांनाच इकडे प्रजासत्ताक कोसळलें व मेडिची आले. परत येऊन त्यानें नव्या धन्याची चाकरी पतकरली.

पुढें मेडिची घराण्यांतील दोन पोपांच्या पदरीं त्याचा उत्कर्ष झाला. १५१६ त मोदेना, पुढल्या सालीं रेज्जो, मग पार्मा, असे सुभे त्याच्याकडे आले. १५२१ त फ्रेंचांनीं पार्म्यास वेढा दिला असतां नागरिक शहर देऊन टाकण्याच्या बेतांत असतांही या वकिलानें तें राखलें. १५२४ त तो रोमान्या प्रांताचा मुख्य झाला. पाद्र्यांचा लोभ व ऐषआराम यांचा तिटकारा आणि त्यांचीच चाकरी, ही विसंगति त्यास ठाऊक होती. आपलें स्वतःचें हित पोपांच्या थोरवीशीं जखडलेलें आहे हें त्यानें खाजगी टिपणांत स्पष्ट नमूद केलें आहे. या स्वहितास त्यानें ‘पार्तिकुलारे’ असा शब्द वापरला आणि १८६९ त दे सांक्तिस या टीकाकारानें त्याच वृत्तीवरून त्याच्यावर कडक लेख लिहिला. १५२६ त सम्राट पांचव्या चार्लसविरुद्ध पोप, फ्रान्स, व्हेनिस, मिलान व फ्लॉरेन्स यांची जूट झाली, तींत त्याची मसलत मोठी होती. पोपच्या फौजेवर प्रतिनिधि म्हणूनही तोच गेला. जूट फसली. मे १५२७ त रोम शहर लुटलें गेलें व फ्लॉरेन्सनें मेडिचींस पुन्हां हांकून दिलें. नव्या प्रजासत्ताकांत हा संशयित ठरला.

येथें त्याच्या चरित्रांतली जी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती येते. १५२७ त गांवाबाहेर बसून त्यानें तीन निबंध लिहिले. एक आत्मसांत्वनाचा, दुसऱ्यांत त्यानें फिर्यादी वकिलाच्या भूमिकेंतून स्वतःवरच आरोप ठेविले कीं, यानें शिपायांच्या पगाराचा पैसा खाल्ला, आपल्या फौजेला आपलाच मुलूख लुटूं दिला, स्वार्थासाठीं शहर युद्धांत लोटलें, आणि तिसऱ्यांत त्या आरोपांस उत्तर देण्यास आरंभ केला, तो निबंध अपुरा राहिला. फिर्यादीचें भाषण पुरें व बचावाचें अपुरें, हें पाहून आम्हांस तर कौतुकच वाटतें. हे कागद तीनशें वर्षें घराण्याच्या दप्तरांत पडून होते. १८५७ ते १८६७ या काळांत कानेस्त्रीनी यानें त्याचे अप्रकाशित लेख दहा खंडांत छापले तेव्हां ते बाहेर आले. दप्तर उघडल्यावर माणूस कसा बदलून दिसतो, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

नानांकडे येऊं. बाळाजी जनार्दन भानु हे १७४२ त साताऱ्यास जन्मले व वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आंत, १७५६ त, वडील वारल्यावर फडणिशीवर आले. फडणीस म्हणजे हिशेबाचा व दप्तराचा धनी. कागद कोणत्या अधिकारानें झाला, त्यावर शिक्का कोणाचा, तारीख कोणती, हें पाहणें हा त्यांचा रोजचा धंदा. ही सवय वकिलाच्या सवयीशीं किती जुळते तें त्यांच्या इंग्रजांशीं झालेल्या व्यवहारांत दिसतें. मुंबईकरांनीं १७७५ त रघुनाथरावांशीं सुरतेस तह केला. कलकत्तेकरांनीं तो अधिकाराबाहेरचा ठरवून मार्च १७७६ त पुरंदरास निराळा केला. कंपनीस दोन तोंडें आहेत व एक तोंड दुसऱ्याचें बोलणें नाकारूं शकतें, हें नाना तेव्हांच शिकले. जानेवारी १७७९ त हाच धडा मावळांत पुन्हां मिळाला. लोहगडवाडीवरून उत्तरेस उतरलें कीं भाजें व मळवली, इंद्रायणीपलीकडे कार्लें, आणि पूर्वेस खोऱ्यानें गेलें म्हणजे वडगांव. सारी हकीकत या एवढ्याशा टापूंत घडली. कार्ल्यास क्याप्टन स्टुअर्ट, आमचा ‘इष्टुर फांकडा’, पडला. इंग्रजी फौज तळेगांवापर्यंत येऊन मागें फिरली व वडगांवीं कोंडली गेली. तहाचें बोलणें निघतांच इंग्रज कारभारी प्रथम म्हणाले, आम्हांस तह करण्याचा अधिकार नाहीं. निकड वाढतांच महादजी शिंद्यांकडे पूर्ण अधिकार देऊन माणूस धाडला. आणि सुटून मुंबईस पोंचल्यावर तो करार मुंबईकरांनीं झिडकारला. असल्या पक्षकाराशीं गांठ पडल्यावर नानांनीं जी सावधगिरी धरली तिला कपट म्हणणारानें हीं तीन उत्तरें एकाखालीं एक लिहून पाहावीं.

त्यानंतर पेशवे, हैदर, निजाम व नागपूरकर भोसले अशी चौकडी इंग्रजांविरुद्ध उभी राहिली. ग्विच्चार्दीनीच्या जुटीप्रमाणें हीही आंतून कच्ची होती. भोसले व निजाम ढिले पडले. परंतु १७८० त हैदर कर्नाटकांत उतरला, आणि एप्रिल १७८१ त गॉडर्डला खंडाळ्याच्या घाटावरून पनवेलीकडे नुकसान सोसून परत जावें लागलें. सालबाईचा तह १७ मे १७८२ चा; नानांनीं त्यास मान्यता दिली ती डिसेंबरांत, हैदर वारल्यानंतर, व कागदांची अदलाबदल झाली फेब्रुवारी १७८३ त. सात महिने सहीवांचून ठेविलेला तो कागद हें आम्ही वकिली डोक्याचें काम समजतों. मॅकिआव्हेलीचा राजपुत्र प्रसंगीं वचन मोडतो; नानांनीं येथें वचन मोडलें नाहीं, तें देण्यासच वेळ लाविला. हा भेद बारीक असला तरी माणूस ओळखण्यास पुरेसा आहे.

मग नाना निःस्वार्थी होते काय? या प्रश्नासाठीं लोहगडावर जावें लागतें. लोहगडवाडी हें लोहगड व विसापूर यांच्या मधल्या खिंडीलगतचें लहानसें गांव. तेथून गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणानें ओलांडून वर जावें लागतें. पैकीं नारायण दरवाजा नानांनीं बांधविला असें सांगतात. धान्य साठविण्याचें भुयारही तेथेंच आहे. वर सोळा कोनांचें मोठें टांकें आहे. शिलालेखाचा जो आशय प्रसिद्ध आहे तो असा कीं, शके १७११ मध्यें बाळाजी जनार्दन फडणीस यांनीं ही बाव धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या विद्यमानें बाजी चट याजकडून बांधविली. शके १७११ म्हणजे इसवी सन १७८९ चा सुमार. सवाई माधवराव तेव्हां पंधरा वर्षांचे होते. या आशयांत पेशव्यांचें नांव येत नाहीं.

गडाविषयींचीं छापील टिपणें फार हयगयीनें लिहिलेलीं आहेत. १८८५ च्या पुणें ग्याझेटियरांत १७७० च्या सुमारास जावजी बांबळे या कोळी नाइकानें गड नानांसाठीं घेतला असें आहे, व तेंच वाक्य पुढें सर्वांनीं उतरून घेतलें. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ पर्यंत जिवंत होते व नाना तेव्हां नुसते फडणीस होते. अशा वेळीं सरकारचा गड कारकुनासाठीं घेणें म्हणजे काय, हें कोणीं विचारलें नाहीं. दुसरें, १८०० त नित्सुरे वारले व त्यांची बायको गडावर येऊन राहिली, असें एक वाक्य अलीकडे प्रचारांत आहे. १८०० त वारले ते नाना; गडावर आश्रयास आल्या त्या नानांच्या विधवा जिऊबाई; आणि नित्सुरे १८०३ पर्यंत किल्ला धरून होते. २०२५ च्या जुलैंत हा गड जागतिक वारशाच्या यादींत गेला, तेव्हां निदान कोण केव्हां मेलें एवढें तरी नीट लिहिलें जावें.

आतां ग्विच्चार्दीनीनें स्वतःस लाविलेला कायदा नानांस लावूं. फिर्यादी म्हणेल: दौलतीचा किल्ला, त्यावर किल्लेदार आपला आश्रित, बांधकामाच्या दगडावर धन्याचें नांव गाळून आपलें, सवाई माधवरावांनंतरच्या धामधुमींत आपलें सारें द्रव्य तेथें नेऊन ठेविलें, आणि मेल्यावरही तीन वर्षें तो किल्ला पेशव्यांच्या हुकुमांत आला नाहीं. राज्याचा हिशेब ठेवणारानें राज्य व घर यांच्या वह्या एक केल्या. यापेक्षां वेगळें ‘पार्तिकुलारे’ तें काय?

बचावाचा वकील उत्तर देईल कीं, पाण्याची बाव बांधणें हें धर्मकृत्य आहे व असल्या लेखांत करणाराचें नांव घालण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. त्यावरून धन्याचा अपमान सिद्ध होत नाहीं. मेणवलीस कृष्णेवर घाट बांधणारा गृहस्थ गडावरील शिबंदीसाठीं पाणी करतो, यांत नवल नाहीं. द्रव्याविषयीं तर काळ पाहावा. ऑक्टोबर १७९५ त सवाई माधवराव गेले. १७९६ त नानांस पुणें सोडून महाडाकडे पळावें लागलें. ज्याच्यापाशीं स्वतःची फौज नाहीं त्याचें द्रव्य हेंच त्याचें लष्कर. महाडास बसून निजाम, भोसले व शिंदे यांस आपल्याकडे वळविण्याची जी मसलत त्यांनीं केली ती रिकाम्या हातानें होणारी नव्हती. आणि सर्जेराव घाटग्यानें पुण्यांत सावकारांची काय दशा केली हें पाहिल्यावर, पैसा शहरांत न ठेवणें हा शहाणपणा होता, गुन्हा नव्हे.

आमचा कौल असा: शिलालेखावरून नाना दोषी ठरत नाहींत, आणि द्रव्य गडावर नेण्यावरूनही ठरत नाहींत. बचावास जड जातें तें किल्लेदाराचें वर्तन. बाजीराव वसईच्या तहानंतर मे १८०३ त गादीवर परत बसले तरी धोंडोपंत गड सोडीनात. अखेर जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीनें ठरलें कीं, जिऊबाईंनीं सालिना बारा हजारांच्या तैनातीवर पनवेलीस राहावें व धोंडोपंतांनीं ठाण्यास. सरकारचा नेमलेला किल्लेदार धनी बदलला तरी किल्ला सरकारास देतो. घरचा माणूस घरासाठीं धरून बसतो. बाजीरावांच्या हातीं त्या विधवेचें काय झालें असतें ही कल्पना मनांत आणतां धोंडोपंतांचें इमान दोषास्पद वाटत नाहीं. परंतु तें इमान कोणाशीं होतें हें लपत नाहीं, आणि तसा माणूस तेथें नेमणारे नाना होते. मराठ्यांच्या किल्ल्याचा निकाल इंग्रज सेनापतीच्या जामिनकीवर लागला, ही त्या नेमणुकीची फलश्रुति होय.

दोघांचा शेवटही एका वळणाचा झाला. जानेवारी १५३७ त अलेस्सांद्रो मेडिचीचा खून झाला. याच अलेस्सांद्रोच्या जुलमाची फिर्याद एक वर्षापूर्वीं नेपल्सास सम्राटापुढें निघाली असतां ग्विच्चार्दीनीनें त्याचा बचाव केला होता. वकिलीची ती अखेरची मोठी कामगिरी. खुनानंतर त्यानें सतरा वर्षांच्या कॉसिमोस पुढें आणलें. पोर नांवाचें व कारभार आपला, असा हिशेब होता. पोरानें त्यास थोड्याच महिन्यांत बाजूस सारलें. बाजीरावांस डिसेंबर १७९६ त गादीवर बसविणारांत नाना होते, व १७९७ सरतांना त्यांच्याच दरबारच्या राजकारणांत नाना कैद झाले. त्या कैदेची हकीकत तर या विषयावर टीकाच आहे. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं नाना शिंद्यांच्या गोटांत भेटीस गेले ते मिकेल फिलोज नांवाच्या पलटणींच्या सरदारानें सुरक्षिततेचें वचन दिलें म्हणून. त्यानेंच त्यांस धरलें. हा फिलोज नेपल्सकडचा, म्हणजे इटालियन. ज्यास युरोपीय लेखक मॅकिआव्हेली म्हणतात तो इटालियन माणसाच्या शब्दावर विसंबून पकडला गेला, हें ग्रँट डफनें १८२६ च्या ग्रंथांत नमूद केलें आहे. उपमा वापरणाऱ्यांनीं तें पान वाचलेलें दिसत नाहीं. नगरच्या किल्ल्यांतून नाना १७९८ त दंड भरून सुटले, पुन्हां कारभारावर आले, व १३ मार्च १८०० रोजीं वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यांतील शहाणपण व संयम गेले, अशा आशयाचें पत्र इंग्रज वकील पामर यानें लिहिलें तें प्रसिद्धच आहे.

साम्य येथवर आहे. यापुढें तें ताणूं नये. ग्विच्चार्दीनी स्वतःच असल्या ताणण्याच्या विरुद्ध होता. मॅकिआव्हेली उठतां बसतां रोमन लोकांचे दाखले देई. परिस्थिति सर्व अंगांनीं सारखी नसेल तर दाखला फसवितो, असें त्यावर ग्विच्चार्दीनीचें म्हणणें होतें. तो स्वतः फौजेबरोबर हिंडला, वेढ्यांत उभा राहिला. नानांस आमच्या लोकांनीं साडेतीन शहाण्यांतला अर्धा म्हटलें तें तरवारीच्या उणीवेमुळें. पानिपतावरून ते जिवानिशीं परतले, आई मात्र परतल्या नाहींत. या देशी उपाधींत, पाहतां, परकी उपाधीपेक्षां निरीक्षण अधिक आहे. दुसरा भेद आम्हां कागद जमविणारांच्या दृष्टीनें मोठा. ग्विच्चार्दीनी पदच्युत झाल्यावर फ्लॉरेन्सनजीकच्या आर्चेत्री येथील मळ्यांत बसला व मे १५४० त मरेपर्यंत त्यानें इटलीचा इतिहास लिहिला; १५६१ त तो छापला गेला. नानांचें आत्मवृत्त पानिपताच्या आसपासच थांबतें. ब्रिग्जनें त्याचें इंग्रजी केलें, म्याक्डोनाल्डनें १८५१ त चरित्र लिहिलें, वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९२ त मराठींत लिहिलें, पारसनिसांनीं मेणवलीचें दप्तर हातीं घेतलें. तरी कारभाराच्या वर्षांविषयीं नानांची स्वतःची जबानी म्हणून मिळते ती सुट्या पत्रांतून. ज्यानें स्वतःची फिर्याद स्वतः मांडली त्याची तपासणी सोपी. नानांची आपणांसच करावी लागते, आणि ती आज्ञापत्रांपेक्षां हिशेबांवरून बरी होते. फडणिसाची खरी भाषा तीच.

यासाठीं मावळांत व पवनेच्या खोऱ्यांत ज्यांच्या घरीं मोडी रुमाल आहेत त्यांनीं लोहगडचे म्हणून दिसणारे किरकोळ कागद टाकाऊ समजूं नयेत. शिबंदीची हजिरी, कोठीचा झाडा, दारूगोळ्याची याद, गवंड्यांची रोजमुरा वही, असल्या कागदांत माथ्यावरची एक ओळ महत्त्वाची असते: खर्च सरकारांतून पडला कीं खाजगींतून. धोंडो बल्लाळ यांच्या हातचा शके १७११ च्या मागचा पुढचा एखादा ताळेबंद निघाल्यास बाजी चटाची मजुरी कोणीं दिली हें त्यांत असावयाचें. शिलालेखाचेंही वाचन छापावयाचें तें दगडावरून घेतलेल्या ठशासह, ओळीस ओळ लावून छापावें. आशयावरून आशय उतरविण्याचें काम आजवर पुष्कळ झालें आहे.